आजीच्या वहीतली पाचवी गौळण

पालयेकरीण | रविवार, रात्री ९:१०

गेल्या महिन्यात गोव्यात पेडण्याकडच्या आमच्या पालयेच्या घराची कौले उतरवली, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. वरती लुगडी होती, तळाशी आजीची भजनाची वही. पुठ्ठा गेलाय, दोरा कुजलाय, पण अक्षर अजून ठसठशीत आहे. आजी तिसरीपर्यंतच शिकलेली. गावच्या देवळात भजनाला बुवे बसायचे आणि बाया खांबाआड. घरी येऊन जेवढे कानात राहिले तेवढे ती उतरवून काढायची. विसरलेल्या जागी रेघ ओढलेली आहे आणि दुसऱ्या वेळी ऐकल्यावर तिथे शब्द भरला आहे. पुष्कळ पानांवर असे दोन शायांचे शब्द दिसतात.

वहीत सगळ्यात जास्त पदे संतकवी सोहिरोबा आंबियांची. ते साहजिकच, आंबिये घराणे मूळ आमच्याच गावचे. त्यानंतर तुकोबा, एकनाथांची भारुडे, 'कहत कबीर' अशा शेवटाची चार पदे आणि एका पानावर मुसलमान संत शेख महंमदांची ही एकच ओळ: 'शेख महंमद अविंध । त्याचे हृदयी गोविंद.' खाली काहीच नाही. आजीला पुढचे ऐकायला मिळाले नसेल.

पण माझा प्रश्न नामदेवांच्या गवळणीबद्दल आहे. 'गौळणी ठकविल्या' ही ती गवळण. कृष्णाने वस्त्रे पळवली आणि पाच गौळणी आपापल्या भाषेत ती परत मागतात. मराठी, कानडी, मुसलमानी, कोकणी आणि गुजराती. आजीच्या वहीत क्रम तिचा स्वतःचा आहे. कोकणी गौळण पहिली (अर्थात!) आणि मुसलमानी शेवटची. या शेवटच्या कडव्यावर निळ्या पेन्सिलीने तिरक्या दोन रेघा मारल्या आहेत. आजी शाईने लिहायची. ही पेन्सिल तिची नव्हे, दाब देऊन मारलेली आहे, मागच्या पानावरही तिचा वळ उठलाय.

शब्द मला गाथेत मिळाले. तो प्रश्न नाही. चाल मिळत नाही. माझी थोरली आत्या, वय वर्षे ८४, चार गौळणी सुरात म्हणते आणि पाचवीशी आली की थांबते. 'ती आमी म्हणूंक नाशिल्ली' एवढेच सांगते. तुमच्या गावात ही गवळण कोणी म्हणते का? पाचही कडव्यांना एकच चाल आहे की प्रत्येकीची निराळी? कुणाच्या घरात ऐकलेले असेल तर कृपा करून लिहा. आत्या आहे तोवर मला ती पुरी करायची आहे.

सांजवात | रविवार, रात्री ९:४२

वाचून अंगावर काटा आला. माझ्या माहेरी, डिचोलीला, ही गवळण मी ऐकलेली नाही. धाग्यावर लक्ष ठेवते.

घुमटाचा नाद | रविवार, रात्री ११:०५

पालयेकरीण बाय, मी फोंड्याकडचा, चाळीस वर्षे भजनात पेटी धरून आहे. आमच्याकडे ही गवळण होती. आता कोणी घेत नाही, कारण ती लांब आहे आणि पाच भाषा तोंडात बसवायला मेहनत लागते. कानडी कडव्यात आमच्या बुवांना स्वतःला अर्थ ठाऊक नव्हता, पण उच्चार कारवारच्या एका गुरवाकडून घोटून घेतले होते.

चालीबद्दल सांगतो. धृपद एकच. कडवे बदलले की सूर तोच राहतो, पण चलन बदलते. गुजराती गौळण थोडी गरब्याच्या अंगाने, कानडी संथ. कोकणी कडव्याला आमच्याकडे पखवाज थांबायचा आणि नुसता घुमट वाजायचा. लोक त्या जागेची वाट बघत. घुमट म्हणजे आपल्या घरातला आवाज ना. तेच मडके चवथीच्या आरतीला, तेच ख्रिस्ती लग्नात मांड्याला, व्हायोलिनच्या शेजारी. पूर्वी घोरपडीचे कातडे लावायचे, कायद्याने बंदी आल्यावर आता बकऱ्याचे लावतात. आवाज थोडा बसका झालाय, पण आहे. २०१९ साली सरकारने त्याला राज्याचे वारसा वाद्य ठरवले तेव्हा मला खरोखर भरून आले होते.

मुसलमानी कडव्याचे चलन मला आठवत नाही. आम्हीही ते सोडत असू. का, ते सांगतो. स्पर्धा सुरू झाल्या आणि प्रत्येक पथकाला मोजकी मिनिटे मिळू लागली. त्यात जयजयकार, नाट, रूपाचा अभंग, गवळण, गजर सगळे कोंबायचे. कात्री लागली ती नेमकी अशाच जागांना. एका स्पर्धेत मी हट्टाने शेख महंमदांचा अभंग घेतला होता. निकालानंतर एक परीक्षक बाजूला घेऊन म्हणाले, 'आवाज चांगला, पण संतांचा अभंग घ्यायला हवा होता.' मी म्हटले, श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' लिहिणारे, चांद बोधल्यांचे शिष्य. परंपरा सांगते की एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामीही त्याच चांद बोधल्यांचे. मग एकनाथ चालतात आणि त्यांच्या गुरूंचा गुरुबंधू चालत नाही, हे कसे? त्यांच्याकडे उत्तर नव्हते. गुण मात्र गेले ते गेलेच. तुमच्या वहीतली एकटी ओळ वाचली आणि तो दिवस आठवला.

मांडवीकाठ | सोमवार, सकाळी ७:३०

सोहिरोबांचा उल्लेख आलाय तर थोडे लिहितो, कारण तुमची वही ज्या मातीतली आहे ती माती या प्रश्नात महत्त्वाची आहे.

सोहिरोबा १७१४ साली बांद्याला जन्मले. तेव्हा पेडणे महाल सावंतवाडीकरांकडे होता. पोर्तुगिजांकडे तो १७८८ साली आला, म्हणजे सोहिरोबांच्या अखेरच्या वर्षांत. तिसवाडी, बार्देश, साष्टी हे जुने प्रदेश सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. देवळे पाडणे, इन्क्विझिशन, १६८४ चा कोकणीविरुद्धचा हुकूम हे सगळे तिथे घडले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हे मुलूख नंतर आले. तोवर सक्तीचा जोर ओसरला होता. म्हणून आजीच्या देवळात भजन अखंड राहिले आणि वही लिहिली गेली. साष्टीतल्या तिच्या वयाच्या बाईच्या ट्रंकेत अशी वही मिळणे कठीण.

सोहिरोबा कुळकर्णीपण करीत. इन्सुलीच्या रानात फणस खायला बसले असता गहिनीनाथांनी येऊन गरे मागितले आणि उपदेश दिला, ही कथा तुम्हाला माहीत असणारच. पुढे उतारवयात घर सोडून ते उत्तरेत गेले. महादजी शिंद्यांच्या दरबाराशी त्यांची जी गाठ सांगतात, त्या वेळचे त्यांचे हिंदी पद आहे, 'अवधूत नहीं गरज तेरी, हम बेपर्वा फकिरी.' नाथपंथी मराठी ब्राह्मण आपल्या बाण्याला 'फकिरी' म्हणतो आणि कोणालाही ते खटकत नाही.

आता त्याच काळात इतरत्र काय चालले होते पाहा. सिंधमध्ये शाह अब्दुल लतीफ भिटाई (१६८९–१७५२). त्यांच्या 'रिसालो' या काव्यसंग्रहात सूर रामकली नावाचा पूर्ण भाग जोग्यांवर आहे, कान टोचलेल्या, राख फासलेल्या नाथजोग्यांवर. सूफी शायर त्यांच्यासाठी झुरतो. पंजाबात वारिस शाहने १७६६ साली 'हीर' पुरी केली. तिच्यात रांझा प्रेमासाठी टिल्ल्यावर, जोग्यांच्या टेकडीवर, जातो आणि बालनाथाकडून जोग घेतो. मुसलमान नायक जोगी होतो आणि ते काव्य पंजाबातला हिंदू, शीख, मुसलमान प्रत्येक जण तोंडपाठ म्हणतो. सोहिरोबा, भिटाई, वारिस शाह हे एकाच शतकातले. एकमेकांची नावेही त्यांनी ऐकली नसतील. पण त्या जोग्याची धुनी बांद्यापासून झेलमपर्यंत पेटलेली होती आणि तिघेही तिच्याच उजेडात लिहीत होते असे मला वाटते.

नामदेवांचे तर विचारूच नका. गुरदासपूरच्या घुमानला त्यांचे स्थान आहे, गुरु ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत. शेख फरीदांची वाणीही त्याच ग्रंथात. ज्याने एवढी पायपीट केली, तो पाच भाषांतल्या पाच बाया एका गवळणीत उभ्या करील यात नवल नाही. बाजारात, घाटात, यात्रेत त्याने त्या ऐकल्याच असतील.

वाळपयकर | सोमवार, दुपारी १:१५

सलाम सगळ्यांना. मी सत्तरीतल्या वाळपयचा, सध्या मस्कतला नोकरीला. घरी आम्ही कोकणी आणि उर्दू मिसळून बोलतो, पण शाळा मराठी झाली आणि वाचायचे प्रेम मराठीतच लागले.

दोन गोष्टी लिहायच्या आहेत. माझ्या खोलीत एक सिंधी माणूस होता, कराचीकडचा. गुरुवारी रात्री तो भीट शाहच्या दर्ग्यावरच्या फकिरांचे गाणे लावायचा. हातात दंबुरो आणि आवाज इतका उंच की पहिल्यांदा वाटले बाई गातेय. त्याने सांगितले, भिटाईंच्या काव्यातली सगळी मुख्य पात्रे बाया आहेत, सस्सी, मारुई, मोमल, म्हणून पुरुष फकीर बाईच्या आवाजात गातात. मला एकदम आमच्या देवळातली गवळण आठवली. साठ वर्षांचे मिशीवाले बुवा 'कान्हा, माझी वाट सोड' म्हणताना असेच आवाज वर नेतात. मी त्याला ते गाऊन दाखवले. तो म्हणाला, 'हे तर आमचेच आहे.' मी म्हटले, 'नाही, आमचे.' मग आम्ही दोघे बराच वेळ हसलो.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. माझे आजोबा तबला-पखवाज वाजवायचे. मशिदीच्या मागेच घर, आणि एकादशीला विठोबाच्या देवळात त्यांची जागा ठरलेली. भजनाच्या दिवशी ते नमाज आटोपून पखवाज खांद्यावर घेऊन निघायचे, कणीक आजी मळून द्यायची. (डाव्या पुडीला कणीक लावतात ना, ती.) आजोबा गेले, पण धाकटे चाचा आहेत, ते त्यांच्यासोबत टाळ धरायला बसायचे. ही पाचजणींची गवळण त्यांना माहीत आहे का ते आज रात्री फोनवर विचारतो. बाय, वचन देत नाही, पण विचारतो.

पालयेकरीण | सोमवार, दुपारी २:००

वाळपयकर, तुम्ही नुसते विचारले तरी माझ्यासाठी पुष्कळ आहे. आत्याला वाचून दाखवले. ती म्हणाली, 'कणीक म्हणल्यार तो मनीस खऱ्याचो.'

राशोलची वाट | सोमवार, सायंकाळी ६:२०

मी साष्टीची, कॅथलिक. मांडवीकाठ म्हणतात ते खरे, आमच्या ट्रंकेत अशी वही नाही. पण आमच्याकडे एक पुराण आहे.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. इंग्लंडमधले, जेजुइट. आयुष्यभर इथेच राहिले आणि १६१९ मध्ये इथेच वारले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापले, रोमी लिपीत, पण भाषा मराठी. दहा हजारांवर ओव्या. ज्ञानेश्वरीचीच ओवी. त्यात स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. मराठीबद्दलची त्यांची ओवी तुम्ही शाळेत शिकला असाल:

जैसी हरळांमाजी रत्नकिळा ।
कीं रत्नांमाजी हिरा निळा ।
तैसी भासांमाजी चोखळा ।
भासा मराठी ॥

मी ती शाळेत नाही, कॉलेजात पहिल्यांदा वाचली. कोणी सांगितलेच नव्हते की आमच्या पूर्वजांनी लेंटच्या दिवसांत देवळात बसून मराठी ओव्या म्हटल्या होत्या. मूळ छापील प्रत आज एकही उरलेली नाही. पोथी लंडनला जपलेली आहे, देवनागरीत. म्हणायची परंपरा गोव्यात तुटली, पण इथून स्थलांतर करून गेलेल्या मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत ती पुढे शतकानुशतके राहिली. तिथेच १९०७ साली हे पुराण पुन्हा छापले गेले. माझी ग्रॅनी वयाच्या नव्वदीत आजारी होती, तेव्हा मी तिला येशूच्या जन्माच्या ओव्या वाचून दाखवल्या. तिला मराठी वाचता येत नव्हते. पण ती मान डोलवत होती, ओवीच्या तालावर. तो ताल तिला कोणी शिकवला?

तुमची पाचवी गौळण मला आमच्या ओव्यांसारखीच वाटते. शब्द कागदावर आहेत, गळ्यातून गेले आहेत.

बारा वांगड | सोमवार, रात्री १०:३०

चर्चा सुंदर आहे, पण मी कुंकळ्ळीचा आहे आणि एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही.

स्टीफन्सची ओवी गोड आहे, मान्य. पण ते पुराण रिकाम्या जागी उगवले नाही. आधी देवळे पाडली, पोथ्या जाळल्या, नव्या ख्रिस्ती लोकांना जुनी पुराणे वाचायला बंदी केली. त्यांनीच मागणी केली की आमची पुराणे घेतली तर बदल्यात काही द्या, तेव्हा हे पुराण आले. ज्याच्या हातातले हिसकावून घेतले त्यालाच दुसरे दिले. त्याला नुसते 'सामायिक वारसा' म्हटले की आमच्या गावचे रक्त पुसून जाते.

जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गांवकारांनी पाच जेजुइटांना मारले. त्यांत रुडॉल्फ अॅक्वाविवा होता. हा तोच, जो त्याआधी तीन वर्षे फतेहपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात होता, इबादतखान्यात मुल्ला-पंडितांशी वाद घालायला बसायचा. अकबरासमोर जो मोकळेपणाने बोलू शकत होता, तो आमच्या गावात सैनिकांनी देवळे उद्ध्वस्त केल्यानंतर क्रॉस उभारायची जागा बघायला आला. पुढे सोळा गांवकारांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि ठार केले. एकटाच निसटला. त्यांना खटला नाही, सुनावणी नाही. शांतादुर्गा आमच्यातून फातर्प्याला गेली ती त्याच काळात.

शेजारधर्म मलाही प्रिय आहे. पण तो सांगताना ही पाने गाळू नका. तुमच्या वहीवरची निळी रेघ तुम्हाला लागते ना, तशी ही आम्हाला लागते.

राशोलची वाट | सोमवार, रात्री ११:१०

बारा वांगड, तुमचे सगळे बरोबर आहे आणि मी त्यातले काहीच गाळत नाही. माझे पूर्वज त्या सक्तीच्या कुठल्या बाजूला होते, मला माहीत नाही. बहुधा दोन्ही. पण ज्या बाईने पुराण हिसकावल्यावर ही नवी ओवी म्हटली, तिने ती जुन्याच चालीत म्हटली. हुकूम देणाऱ्याला ती चाल देता आली नसती, ती तिच्या घरची होती. मी सांभाळते आहे ती तिची चाल.

आणि एक विचारते. फाल्गुनात फातर्प्याहून तुमच्या बारा सत्र्या, म्हणजे देवीच्या छत्र्या, कुंकळ्ळीला येतात, तेव्हा वाटेवरची ख्रिस्ती घरे काय करतात, ते तुम्हीच लिहा ना. माझ्यापेक्षा तुम्ही बरे सांगाल.

बारा वांगड | मंगळवार, सकाळी ६:५०

रात्री राग होता, सकाळी लिहितो.

बारा वांगडांच्या, म्हणजे गावच्या बारा कुळांच्या, बारा सत्र्या. देवी मूळ जागी भेटीला येते. गुलाल एवढा की रस्ता दिसत नाही. त्या बारा वांगडांतली कितीतरी घरे आज ख्रिस्ती आहेत. आडनाव बदलले, देव बदलला, वांगड बदलला नाही. तेही मिरवणुकीत असतात, मान घेतात. माझ्या शेजारचा म्हातारा दर वर्षी दारात उभा राहून सत्रीला हात जोडतो, मग छातीवर क्रॉस करतो. एकदा मी त्याला विचारले, 'पात्राव, दोन्ही कित्याक?' तो म्हणाला, 'एक तिका, एक हांव घरा पावचो म्हूण.' मला अजून त्याचा पुरता अर्थ लागलेला नाही. पण तो १५८३ विसरलेला नाही. त्यानेच मला ती सोळा जणांची गोष्ट पहिल्यांदा सांगितली.

मोगऱ्याचे कळे | मंगळवार, दुपारी १२:४०

मी शिरगावच्या लईराई देवीचा धोंड, म्हणजे तिच्या जत्रेचा व्रतकरी, बावीस वर्षे व्रत धरतोय. देवी बहिणींचे इथे लिहायलाच हवे.

सात बहिणी आणि एक भाऊ. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाय अशा बहिणी, आणि भाऊ खेतोबा. त्यांतली एक मिराबाय म्हापशाला गेली आणि तिथे मिलाग्रीस सायबीण, म्हणजे चर्चमधली मेरीमाता, झाली. हे आमच्याकडे लहान पोरही सांगते, कथा म्हणून नव्हे तर नात्याची माहिती म्हणून. जशी 'माझी मावशी म्हापशाला दिलीय' म्हणतो तशी. ईस्टरनंतर पंधरवड्याने सोमवारी सायबिणीचे फेस्त असते. तिच्यासाठी आमच्या देवळातून तेल जाते आणि आमच्या जत्रेला तिकडून मोगऱ्याची फुले येतात. फेस्ताला हिंदू लोक रांगेत उभे राहून सायबिणीवर तेल ओततात. वैशाख शुद्ध पंचमीला मध्यरात्रीनंतर आम्ही होमकुंडातून चालतो, गळ्यात मोगऱ्याचे कळे, हातात बेतकाठी.

लईराईने भावाला रागाच्या भरात लाथ मारली आणि त्या पश्चात्तापाने ती अग्नीतून चालली, असे सांगतात. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. देवीसुद्धा चुकते आणि निखाऱ्यावरून जाते. बारा वांगड आणि राशोलची वाट यांचे वाचताना तीच डोळ्यांसमोर येत होती. बहिणी-बहिणींत भांडण असते म्हणून तेल थांबत नाही.

कुर्डीची लेक | मंगळवार, दुपारी ३:०५

थोडेच लिहिते. आमचे कुर्डी साळावली धरणाखाली गेले. मे महिन्यात पाणी उतरले की घरांचे चौथरे दिसतात आणि सोमेश्वराच्या देवळाशी आम्ही जमतो. मोगूबाई कुर्डीकर त्याच गावच्या. सांगलीत त्या रियाज करत होत्या आणि उपचारासाठी तिथे आलेल्या अल्लादिया खाँसाहेबांनी तो बाहेरून ऐकला, आपणहून शिकवायला आले. केरीच्या केसरबाईही त्यांच्याच शिष्या. खाँसाहेब आपले मूळ हिंदू गायकांच्या घराण्यातले असल्याचे सांगत. ज्या मुलींना प्रतिष्ठितांच्या पंगतीत जागा नव्हती, त्यांना एका मुसलमान उस्तादाने आपली विद्या दिली. १९७७ साली केसरबाईंचा आवाज व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला, त्यात ती विद्या आहे.

पालयेकरीण ताई, चाल मिळाली की इथे जरूर लिहा.

वाळपयकर | बुधवार, रात्री ८:४५

चाचांशी बोललो. तासभर. त्यांचे म्हणणे जसेच्या तसे लिहितो.

गवळण त्यांना आठवते. चाल त्यांना सांगता येत नाही, कारण त्यांचा गळा नाही. पण ठेका त्यांना पक्का आठवतो. चार गौळणींना आजोबा भजनी ठेका वाजवायचे. पाचवीच्या आधी एक तिहाई घेऊन धुमाळी धरायचे, कव्वालीत असतो तशी, आणि टाळकऱ्यांनी टाळ खाली ठेवून नुसत्या टाळ्या द्यायच्या. बुवा एका मात्रेनंतर उचलायचे, समेवर नाही. चाचा म्हणाले, 'समेवर उचललं तर अब्बा डोळे वटारायचे.' धृपदावर आले की पुन्हा टाळ, पुन्हा भजनी.

त्यांनी डब्यावर वाजवून मला पाठवलेय. बाय, तुमच्या निरोपात पाठवतो आहे. मागे कोंबडा आरवतोय, त्याला माफ करा.

आणखी एक. मी विचारले, 'हे कडवे म्हणताना आजोबांना कसे वाटायचे?' ते म्हणाले, 'कसं वाटायचं म्हणजे? त्या कडव्याला अब्बा पगडी सरळ करायचे. ते त्यांचं कडवं होतं.'

घुमटाचा नाद | बुधवार, रात्री ९:३०

धुमाळी! बरोबर. आठवले. एका मात्रेनंतरची उचल! आमच्या बुवांचीही तशीच होती. बाय, तो ठेका आत्यांना ऐकवा आणि काही बोलू नका. नुसता ऐकवा.

पालयेकरीण | सोमवार, सकाळी १०:००

उशीर झाला लिहायला, काल रात्री दोनला घरी आलो.

गुरुवारी आत्याला डब्यावरचा ठेका ऐकवला. घुमटाचा नाद म्हणाले तसेच, काही न बोलता. दोनदा ऐकला तिने. तिसऱ्यांदा तिचा हात मांडीवर पडू लागला. मग ती चार गौळणी म्हणत आली, तिहाईशी थांबली आणि एक मात्रा सोडून तिने पाचवी उचलली. शब्दांसकट. मी गाथा उघडून बसले होते, तिला लागली नाही. साठ-पासष्ट वर्षांनी.

नंतर तिने रेघेची हकीकत सांगितली. बाहेरगावचे एक बुवा पथक बसवायला आले होते, स्पर्धेसाठी. वही मागवून घेतली आणि घड्याळ पुढे ठेवून पेन्सिल मारली. 'वेळात बसना' म्हणाले. मी विचारले, पाचांतली तीच का? आत्या थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, 'तीच कित्याक, तें कोणें विचारूंक ना.' आजीने वही परत घेतली आणि त्या मंडळींना पुन्हा कधी दिली नाही.

काल आमच्या देवळात एकादशीचे भजन होते. भजनाच्या बुवांना मी आधी विचारले होते. त्यांनी 'आत्या बसत असेल तर घेऊ' म्हटले. आत्या खांबाआड नाही बसली. तिला पेटीशेजारी पाट दिला. वाळपयकरांचे चाचा धाकट्या मुलाला घेऊन सत्तरीहून एवढ्या लांब आले होते, मी बोलावले होते पण येतील असे वाटले नव्हते. पखवाज आमच्याच मुलाने वाजवला, चाचा त्याच्या मागे बसून त्याच्या पाठीवर बोटांनी ठेका धरून होते. घुमटाचा नाद फोंड्याहून घुमट घेऊन आले. राशोलची वाट आली, तिने कोकणी कडव्याला साथ दिली. तिची साष्टीची कोकणी आणि आत्याची पेडण्याची, दोघींचे उच्चार दोन, आणि दोघीही माघार घेईनात.

पाचवीला टाळ खाली ठेवले तेव्हा देवळात एकदम शांत झाले. मुलाने घाईने समेवरच हात टाकला. चाचांनी मागून डोळे वटारले. त्याने पुन्हा तिहाई घेतली.

वही आता माझ्याकडे आहे. निळी रेघ खोडरबराने काढू का म्हणून आत्याला विचारले. ती म्हणाली, राहूं दी, फक्त 'शेख महंमद अविंध'च्या खाली जागा सोडलीय ना, तिथे पुढचे लिहून काढ. घुमटाचा नाद, तुमचा तो स्पर्धेतला अभंग पुरा पाठवाल का? मी शाईने लिहीन.